पदराआडचा खोकला

ओढ्यावरचा फरशीचा पूल ओलांडून आम्ही निम्म्या वाटेवर आलो होतो, तेव्हा जयाक्कानं पिशवी डाव्या हातातून उजव्या हातात घेतली. पिशवीत फिरकीच्या झाकणाच्या सात डब्या होत्या, आणि प्रत्येक डबीत आमच्या गावातल्या एकेका बाईचा सकाळचा पहिला बेडका. झाकणं घट्ट होती, तरी दुधानं काठोकाठ भरलेलं भांडं न्यावं तशी ती जपून चालत होती.

"दे, मी धरते घटकाभर," मी म्हटलं.

"नको बाई. तुमी पोरांना घास भरवता. ऱ्हाऊ दे माझ्याकडंच."

जयाक्का आमच्या खडकेवाडीची आशा कार्यकर्ती, आणि मी तिथल्याच अंगणवाडीची बाई. निपाणीहून कोगनोळीकडं जाताना हायवे सोडून आत वळलं की आमचं गाव. आरोग्य केंद्र गावापासून सहा किलोमीटर. वडापची जीप मिळते, पण जयाक्का तिच्यात बसायला तयार नव्हती. "मानसं मांडीला मांडी लावून बसत्यात. त्यात ही पिशवी घिऊन कशी बसू?" म्हणून आम्ही चालत निघालो होतो. गावाच्या आरोग्य समितीच्या कागदावर तिच्याबरोबर माझी सही लागते. डॉक्टर ऐकल्या नाहीत तर एकीपेक्षा दोघी बऱ्या, म्हणून तिनं मला बरोबर घेतलं होतं.

मागून मोटरसायकल आली आणि थांबली. आमच्याच गावचा जोतिबा.

"काय आक्का, डबं घिऊन कुनाच्या शेतावर?"

"तुझ्या सासऱ्याच्या. येतोस जेवाय?"

जोतिबा हसला, आणि मग त्याची नजर पिशवीत गेली. तो पाच महिने क्षयाच्या गोळ्या घेत होता. त्या डब्या त्यानं लगेच ओळखल्या.

"आमची शालू हाय का यात?" त्यानं बायकोचं विचारलं.

"न्हाय. दिली न्हाय तिनं. माझं फोनवर हिरवं आलंय, मी कशापायी थुकू, म्हनली."

जोतिबानं गाडी बंद केली. "एका ताटात जेवतोय आमी, आक्का. एकाच खोलीत इड्या वळतोय. मला लाल आनि तिला हिरवं. मी म्हनलं, देवाची किरपा."

"देवाला मदी आनू नगंस," जयाक्का म्हणाली. "पदराची किरपा हाय ती."

त्याला ते कळलं नाही. आम्हालाही ते कळून आठच दिवस झाले होते.

जयाक्काचं माहेर काकतीचं. घरात मराठी, गल्लीत कानडी, त्यामुळं दोन्ही भाषा तिला सारख्याच येतात. आठवी झाली आणि सतराव्या वर्षी लग्न होऊन ती खडकेवाडीला आली. दुसऱ्याच दिवशी सासूनं तिच्या मांडीवर सूप ठेवलं. सुपात तंबाखूचा चुरा, कात्री आणि पानं. आमच्या गावात घरोघरी तेच. मीही शाळेतून आल्यावर आईशेजारी बसून विड्या वळल्यात. तंबाखूची धूळ नाकातोंडात जाते आणि बाया खोकतात. सकाळी गल्लीतून गेलं तर कोंबड्यांच्या आधी बायांचा खोकलाच ऐकू येतो. त्याला आजार कुणी म्हणत नाही. "तंबाखूचा खोकला" म्हणतात आणि पुढच्या पानाला हात घालतात.

जयाक्काची सासू त्याच खोकल्यानं गेली. तो तंबाखूचा नव्हता, क्षय होता, हे पुढं आशाच्या शिक्षणात लक्षणं शिकवली तेव्हा जयाक्काला कळलं. त्या दिवशी ती घरी आली आणि कोपऱ्यातलं सासूचं सूप बाहेर नेऊन जाळलं. शेजारणी म्हणाल्या, लक्ष्मी जाळली. त्यानंतर खोकणाऱ्या माणसाकडं तिची नजर वेगळी झाली. एखाद्या बाईच्या बांगड्या कोपराकडं घसरायला लागल्या, की ही तिच्या उंबऱ्यावर जाऊन बसायची. तपासणीला जा, जा, असा धोशा लावायची. नऊजणींना तिनं असं ओढून नेलं. नऊजणी अजून हिंडत्यात फिरत्यात.

कोरोना आला तेव्हा तिनं गावाला आणखी एक गोष्ट शिकवली. खोकला आला की पदर तोंडाला. आमच्या बाया वडीलधाऱ्यांसमोर खोकताना पदर धरायच्याच, रीतच ती. जयाक्कानं त्या रीतीवर दवाखान्याचा शिक्का मारला. गल्लीगल्लीतून ओरडत फिरली. माझ्या अंगणवाडीतल्या पोरी फ्रॉकचा घोळ वर करून तोंडाला लावायला शिकल्या. सासवा सुनांना टोकू लागल्या. एवढ्या वर्षांत तिचं एवढं एकच सांगणं गावानं मनापासून ऐकलं.

मग फोन आला. एका संस्थेनं तालुक्यातल्या आशांना फोन दिले आणि बेळगावला दोन दिवसांचं शिक्षण ठेवलं. शिकवायला चिन्मय नावाचा टिळकवाडीतला मुलगा होता. इंजिनियर, पण बोलायला गोड. त्यानं सांगितलं, हजारो माणसांचे खोकले या मशीनला ऐकवलेत. हा क्षयाचा, हा साधा, असं सांगून सांगून त्याला शिकवलंय. आता नवा खोकला ऐकला की ते आपणहून ओळखतं. शंका असली तर लाल, नसली तर हिरवं. लाल आलेल्यांचीच थुंकी तपासायची, म्हणजे तपासणीच्या कुप्या वाया जात नाहीत.

जयाक्का हरखून परत आली. "बाई, जनावराचा पारखी नुसतं हंबरनं ऐकून दोष सांगतो न्हवं? तसं हाय हे. मला आपलं डोळ्यानं अदमास घ्यावा लागायचा. हे कानानं सांगतंय."

दिवाळी झाल्यावर तिनं घरोघर जाऊन खोकले घेतले. माणसाला तीनदा खोकायला सांगायचं, फोन वीतभर लांब धरायचा. अडतीस गडीमाणसं, त्यात पाच लाल. एक्केचाळीस बाया, सगळ्या हिरव्या. फोनवर सूचना कानडीत होत्या आणि तिनं त्या वाचल्याही होत्या. पण बाई अंगणात उभी, ओट्यावर सासरा बसलेला, समोर आशाताई. हात आपोआप वर जायचा, पदर आपोआप तोंडाला लागायचा. जयाक्कानं तो खाली कर म्हणून एकीलाही सांगितलं नाही. तिला ते चुकीचं वाटलंच नाही. तिनंच तर शिकवलं होतं.

तालुक्याला तिचा सत्कार झाला. खडकेवाडीच्या महिला शंभर टक्के निरोगी, असं कुणीतरी माईकवरून सांगितलं. तिला शाल दिली. त्या फोटोत जयाक्का हसतेय. एवढी मोकळी हसताना मी तिला एरवी पाहिलेलं नाही.

आणि चैत्रात अंबुबाई गेली.

अंबुबाई जयाक्काच्या दारासमोरच राहायची. हजार विडी वळून संध्याकाळी भजनाला यायची. तिचा खोकला गावात सगळ्यांत जुना. थंडीत तिच्या बांगड्या घसरायला लागल्या. जयाक्कानं ते पाहिलं. पूर्वी असतं तर उंबऱ्यावर जाऊन बसली असती. या वेळी तिनं फोन उघडून पाहिला. अंबुबाई, हिरवं. मग खोकल्याचं औषध दिलं आणि घरी आली. बेळगावच्या दवाखान्यात नेईपर्यंत अंबुबाईच्या छातीत काही शिल्लक राहिलं नव्हतं. अकराव्या दिवशी तिला गाडीतून परत आणली. तिची सून माधवी, माधवीचा दोन वर्षांचा मुलगा. तो माझ्या अंगणवाडीत येतो. तपासलं तर त्या लेकरालाही लागण झालेली. आता रोज सकाळी जयाक्काच त्याला गोळी विरघळून पाजते. ते तोंड फिरवतं.

अंबुबाईचं दिवसकार्य झाल्यावर एका दुपारी, पोरं घरी गेल्यावर, जयाक्का अंगणवाडीत आली आणि सतरंजीवर बसली. "बाई, अंबुबाईचा आवाज हाय यात," म्हणाली. घेतलेले खोकले फोनमध्ये तसेच राहायचे. तिला तो ऐकायचा होता आणि एकटीनं ऐकायचा धीर होत नव्हता.

तिनं बोट लावलं. गोधडीखालून यावा तसा खोकला आला. दबलेला, लांबचा. एकदा, दोनदा. आणि तिसऱ्याच्या आधी जयाक्काचाच आवाज, अगदी स्पष्ट: "हां, पदर धर नीट. शाब्बास."

मग तिनं पुढचं नाव लावलं. त्याच्या पुढचं. कुठं कापडाची घसर, कुठं नुसताच घुसमटलेला आवाज. जोतिबाचा लावला. तो फोन फुटेल असा खणखणीत. पुन्हा बायांचे. शालूचा. माधवीचा. अधूनमधून तिचा स्वतःचा आवाज, "बरोब्बर," "अस्सं." शेवटून तिसरा खोकला माझा होता. मी तो ओळखला नाही. नाव वाचून कळलं.

मी मनात दत्ताचं नाव घेत होते. जयाक्का काहीच घेत नव्हती. एक्केचाळीस संपल्यावर तिनं फोन सतरंजीवर पालथा ठेवला. "मीच दाबला त्येंचा खोकला," म्हणाली.

तिथूनच तिनं चिन्मयला फोन लावला. मी ऐकत होते. तो मुलगा वाईट नाही. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"मावशी, त्याला शिकवलेले सगळे खोकले दवाखान्यातले, उघड्या तोंडाचे आहेत. पदरातून आलेला खोकला त्यानं कधी ऐकलेलाच नाही."

"मग ऐकू आलं न्हाय, असं सांगायचं त्येनं."

"तसं सांगायला आम्ही त्याला शिकवलेलं नाही. लाल किंवा हिरवं, एवढंच येतं त्याला. तुम्ही मला असे पदराचे शंभरेक खोकले पाठवाल का? त्यावरून आम्ही त्याला शिकवू. पुढच्या वर्षी नवीन येईल त्यात…"

"तवर आमच्या बाया काय करू देत रं लेकरा? खोकायच्या थांबू देत?"

पुन्हा खोकला घेऊ या, म्हणून तिनं दुसऱ्या दिवशी प्रयत्न केला, तर फोन दुसरा खोकला नोंदवून घेईना. एका माणसाचा सहा महिन्यांतून एकदाच. म्हणून मग ती डब्या घेऊन दारोदार फिरली. एक्केचाळिसातली अंबुबाई गेलेली. चाळीसजणींकडं चार दिवस हिंडून त्या सकाळी तिला सात डब्या मिळाल्या. सकाळी अंगणवाडी उघडायच्या घाईत मीही उद्या देते, उद्या देते म्हणत राहिले होते.

केंद्रावर पोहोचलो तेव्हा साडेदहा झाले होते. डॉक्टर सौम्या वयानं लहान, धारवाडकडच्या. मराठी तुटकं बोलतात, पण बोलतात. त्यांनी जयाक्काचं सगळं ऐकलं, मधे एकदोनदा कानडीत विचारलं. मग पिशवीत न डोकावताच म्हणाल्या, "हे मी घेऊ शकत नाही, जयाबाई."

"का वो मॅडम? सकाळचंच हाय सगळं."

"कुप्या लाल नावावर येतात. तुमच्या गावाला पाच आल्या, पाच संपल्या. हिरव्या नावाची थुंकी मी लॅबच्या मशीनमध्ये घातली तर वरून विचारतात, का घातली. आणि ही कुणाची थुंकी, मला काय माहीत? माझ्यासमोर द्यायला पाहिजे."

"एक बाई मेली, मॅडम," मी म्हटलं. आवाज थोडा चढलाच.

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "माहीत आहे. रिपोर्ट मीच लिहिला." मग त्या उठल्या, खिडकीशी गेल्या, कुणाला तरी फोन केला, परत येऊन बसल्या. येत्या गुरुवारी तपासणीची गाडी पलीकडच्या गावाला जाणार होती. तिच्यात पंचवीस कुप्या जास्तीच्या. खडकेवाडीत वीस बाया स्वतः येऊन थुंकी द्यायला तयार असतील, तर त्या गाडी आमच्याकडं वळवतील. वीसपेक्षा एकजण कमी असली तरी नाही. नाहीतर त्या कुप्या जिथं लाल नावं शिल्लक आहेत तिथं जातील, आणि मग पावसाळा संपल्यावर बघू.

"आणि एक पत्र लागेल," डॉक्टर म्हणाल्या. "खोकले चुकीच्या पद्धतीनं घेतले, असं. त्याशिवाय मी हिरवी नावं पुन्हा उघडू शकत नाही."

"मशीनला ऐकू आलं नाही, असं लिहा की," मी म्हटलं.

"त्याला फॉर्मात जागा नाही. घेणाऱ्याची चूक, एवढंच आहे." त्या जयाक्काकडं बघत नव्हत्या. "काम जाऊ शकतं तुमचं. मी सांगून ठेवते."

जयाक्कानं कागद ओढून घेतला. कानडीत चार ओळी लिहिल्या, सावकाश, वळणदार. तिनं काय लिहिलं ते मला वाचता आलं नाही. कानडी मी बोलते तेवढीच. मी खाली मराठीत सही केली. त्या वेळात लॅबच्या माणसानं हातमोजे घातले आणि सातही डब्या पिवळ्या बादलीत टाकल्या. जयाक्का लिहिता लिहिता थांबली, तिकडं बघितलं आणि पुन्हा लिहायला लागली.

परतताना ऊन चढलं होतं. रिकामी पिशवी तिनं केंद्रावरच टाकली होती. आता हात मोकळे, तरी वडापच्या जीपला तिनं हात केला नाही. बराच वेळ ती बोटं मोजत चालत होती. सातजणी पुन्हा येतील. माधवी येईल. शालूला जोतिबा आणील. मग पुढं बोट हलेना.

"म्हनत्यात काय म्हाईताय का?" ती म्हणाली. "त्या दिवशी हिरवं म्हनलीस, आता थुक म्हनतीस. आनि पाटलाची थोरली सून तर दारातच म्हनली, तुझी शाल परत दिलीस का गं? काय सांगू तिला?"

"शाल दे तिला. थंडीत पांघरील," मी म्हटलं. ती हसली नाही. मलाही हसू आलं नाही.

मला कळत होतं बाया का येत नाहीत ते. जोतिबाचं लाल आल्यावर त्याच्या घरचं पाणी दोन महिने कुणी प्यायलं नव्हतं. त्याच्या पोराला वेगळं बसवा, असं सांगायला तीन आया माझ्याकडं आल्या होत्या. मी वेगळं बसवलं नाही. पण दुसऱ्या दिवशी त्या तिघींची पोरं आली नाहीत. गावातल्या बाईला क्षयापेक्षा डबी हातात दिसण्याची भीती जास्त. लग्नाच्या मुली आहेत, नव्या सुना आहेत.

आणि माझ्याबद्दल सांगायचं तर, मी रोज तीस पोरांना वाढते. सकाळी मलाही खोकला येतो. वीस वर्षं येतोय. मी त्याला तंबाखूचाच म्हणत आले. गुरुवार तर माझा उपवासाचा दिवस. मी हिशेब लावला, सकाळी लवकर पूजा उरकून गाडीपाशी जाऊन उभी राहीन, बायांना रांगेत लावीन, नावं लिहून घेईन.

तसं मी तिला म्हटलंही. "मी येते की. रजिस्टर मी सांभाळते, तू बायांना बोलावून आण."

जयाक्का थांबली. वाटेच्या कडेला उसाचा पाचोळा पडला होता. त्यावर चप्पल काढून ती उभी राहिली. तळपायाला फोड आला होता, तो तिनं दाबून पाहिला. मग माझ्याकडं बघितलं. सतरा वर्षांत तिनं माझ्याकडं कधी काही मागितलं नव्हतं, साधं वाटीभर पीठसुद्धा.

"रजिस्टर कुनीबी धरंल," ती म्हणाली. "माझ्या शब्दावर आता कोन येनार न्हाय, बाई. तुमच्या मागं येतील. गावातलं एक घर न्हाय ज्येच्या पोरानं तुमच्या हातचं खाल्लं न्हाय. गुरवारी तुमी पैल्या बसा. देवळाम्होरच्या कट्ट्यावर, समद्यांच्या डोळ्यांदेखत. डबी हातात घ्या, पदर कमरंला खोचा, आनि तोंड उघडून खोका. एवढं करा माझ्यासाठी."